पीठ, पाणी, मीठ आणि एक रात्र

१९५८ साली इराणमधील शिराझ शहरातल्या रुग्णालयात एक रुग्ण आला. वय २१ वर्षे, पण दिसायला जेमतेम १० वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, वयात आल्याची कोणतीही खूण नाही, यकृत आणि प्लीहा वाढलेली, रक्तात लोहाची तीव्र कमतरता. त्याला तपासणारे डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारचे. अमेरिकेत वैद्यकीय प्रशिक्षण घेऊन ते नुकतेच शिराझला दाखल झाले होते. पाठोपाठ हीच लक्षणे असलेले आणखी तरुण त्यांच्याकडे येऊ लागले, तेव्हा त्यांनी चौकशी आहारापासून सुरू केली. या तरुणांच्या जेवणात मांसाहार जवळजवळ नव्हता. त्यांचे पोट भरत होते मुख्यतः गव्हाच्या न आंबवलेल्या रोटीवर. शिवाय त्यांना माती खाण्याची सवय होती.

डॉ. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. केवळ लोह कमी पडल्याने एवढी वाढ खुंटत नाही, शरीराला जस्तही मिळत नसावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे इजिप्तमध्ये झालेल्या अभ्यासांत तो खरा ठरला. जस्त दिल्यावर अशा मुलांची उंची वाढू लागली. तोपर्यंत माणसाला जस्त कमी पडू शकते हेच वैद्यकशास्त्राला मान्य नव्हते. १९७४ मध्ये अमेरिकेत जस्ताला आवश्यक पोषकद्रव्याचा दर्जा मिळाला आणि त्याचे रोजचे प्रमाणही ठरले.

या कथेतला एक प्रश्न मात्र रोजच्या स्वयंपाकघराशी जोडलेला आहे. गव्हात लोह असते, जस्तही असते. मग दोन्ही वेळा गहू खाणाऱ्याला ते का मिळू नये?

कोंड्यातले कुलूप

उत्तर गव्हाच्या कोंड्यात आहे. रोपाला पुढे लागणारा फॉस्फरस दाणा फायटिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवते. माणसाच्या आतड्यात ते सोडवणारे पाचकद्रव्य अत्यल्प असते. त्यामुळे क्षार पोटात जातात, पण बरेचसे न शोषले जाता बाहेर पडतात.

गंमत अशी की, या कुलपाची किल्लीही गव्हाच्या दाण्यातच असते. फायटेझ नावाचे विकर पिठात असतेच. पण त्याला काम करायला ओलावा, किंचित आंबटपणा आणि वेळ लागतो. कणीक भिजवून अर्ध्या तासात पोळी लाटली तर या विकराला फारशी संधी मिळत नाही. तेच पीठ रात्रभर आंबत राहिले तर फायटिक आम्लाचा बराचसा भाग मोडतो. नेमका किती, हे कोंड्याचे प्रमाण, तापमान आणि वेळ यांवर ठरते.

म्हणून उद्यापासून पोळ्या बंद करण्याचे काही कारण नाही. शिराझच्या त्या तरुणांच्या ताटात रोटीशिवाय फारसे काही नव्हते. पोळीबरोबर वरण, उसळ, पालेभाजी, दही आणि लिंबाची फोड असेल तर चित्र वेगळे होते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात धान्यातले लोह अंगी कसे लागेल, हा प्रश्न किरकोळ नाही. आणि ज्या घरात सकाळी चहाबरोबर, डब्यात सँडविच म्हणून किंवा रात्री भाजीबरोबर ब्रेड येतोच, तिथे तो ब्रेड किती वेळ आंबलेला आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

वेळ कुठे गेली?

पीठ आंबवणे मराठी घराला नवे नाही. आंबोळी, इडली, जिलेबी, आंबील ही सगळी त्याच विद्येची रूपे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यातले पोदेर पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. सुरेत यीस्ट नैसर्गिकरीत्या वाढलेले असते. ती पिठात कालवायची, रात्रभर पीठ आंबू द्यायचे आणि पहाटे भट्टी लावायची, असा तो क्रम. कोंडा लावलेली गोव्याची पोई त्याच परंपरेतली.

कारखान्यात मात्र वेळ म्हणजे पैसा. १९६१ मध्ये इंग्लंडमधील चोर्लीवूड येथील संशोधन केंद्रात एक पद्धत विकसित झाली. अतिवेगवान यंत्रात पीठ काही मिनिटे घुसळायचे, यीस्ट जास्त घालायचे, पीठ बळकट करणारी द्रव्ये मिसळायची, की पिठापासून कापलेल्या ब्रेडपर्यंतचा प्रवास सुमारे साडेतीन तासांत संपतो. ब्रेड स्वस्त झाला, मऊ झाला, एकसारखा झाला. फक्त आंबण्याचे तास गाळले गेले.

गाळलेल्या वेळेची भरपाई रसायनांनी करण्याचा मोहही जुना आहे. ताजे दळलेले पीठ काही आठवडे मुरले की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातली प्रथिने बळकट होतात. हेच काम झटपट करण्यासाठी पोटॅशियम ब्रोमेट वापरले जाई. ते नीट भाजले गेले तर निरुपद्रवी ब्रोमाइडमध्ये बदलते; प्रमाण जास्त झाले किंवा भाजणे कमी पडले तर पावात शिल्लक राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या’ २-बी गटात ठेवले आहे. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड, पाव, बन अशा ३८ नमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळल्याचे संस्थेने सांगितले. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट परवानगी असलेल्या द्रव्यांच्या यादीतून काढून टाकले.

बाजारातला प्रत्येक ब्रेड वाईट, असा याचा अर्थ नाही. पाकीट उलटून वाचायची सवय मात्र हवी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ‘ब्राउन’ ब्रेडच्या यादीत पहिले नाव मैद्याचे आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंगाचे असेल, तर तपकिरी रंग गव्हाच्या कोंड्याचा नाही हे उघड आहे.

झोपेत होणारे काम

घरी ब्रेड करायचा म्हटले की तासभर पीठ मळण्याचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि बेत तिथेच मोडतो. ही समजूत २००६ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलली. न्यूयॉर्कमधील बेकरीचालक जिम लेही यांची मळण्याविना ब्रेड करण्याची रीत त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आली आणि जगभरच्या घरांत पोहोचली. तिच्यामागचे शास्त्र सोपे आहे. गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिने पाण्याने भिजली की एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते. मळल्याने ते लवकर तयार होते. पण पीठ सैल असेल आणि वेळ भरपूर असेल तर ते आपसूकही तयार होते. यीस्टने सोडलेल्या वायूचे बुडबुडे पिठाला आतूनच हळूहळू ताणत राहतात.

रोजच्या वापराच्या एका मोठ्या ब्रेडसाठी ३०० ग्रॅम चाळलेली कणीक, २०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम म्हणजे सव्वा सपाट चहाचा चमचा मीठ, पाव चमचा इन्स्टंट ड्राय यीस्ट, एक मोठा चमचा तेल आणि सुमारे ३७५ मिलिलिटर साधे पाणी लागते. रात्री साडेनऊ-दहाला सगळे एका मोठ्या पातेल्यात चमच्यानेच कालवावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल आणि हाताला चिकटणारे हवे. पंधरा मिनिटांनी ओल्या हाताने पिठाच्या कडा उचलून चार-पाच वेळा मध्यभागी दुमडाव्यात आणि झाकण ठेवून झोपावे.

सकाळी पीठ दुप्पट होऊन वर बुडबुडे आलेले दिसतात. ओट्यावर थोडे पीठ भुरभुरावे, त्यावर ते अलगद काढून चौकोनी दुमडावे, गुंडाळी करावी आणि तेल लावलेल्या, साधारण नऊ इंच लांबीच्या ब्रेडच्या साच्यात ठेवावे. पाऊण ते एक तासात ते साच्याच्या काठापर्यंत येते. तोवर ओव्हन २२० अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे तापवून घ्यावा. साचा आत गेल्यावर तापमान २०० अंशांवर आणून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. ब्रेड बाहेर काढून तळावर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की तो झाला. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत स्टँड ठेवून, घट्ट झाकणाखाली मध्यम आचेवरही ब्रेड भाजता येतो. वेळ थोडा जास्त लागतो आणि वरची बाजू फिकट राहते, एवढेच.

गरम ब्रेड कापण्याचा मोह मात्र तासभर आवरावा. भाजताना पाणी पिऊन फुगलेले पिष्ट थंड होतानाच स्थिर होते. त्याआधी सुरी घातली की आतला भाग चिकट लगदा होतो आणि ‘ब्रेड कच्चा राहिला’ असे वाटते. विजेचा हिशेबही फार नाही. १५०० वॉटचा ओव्हन तासभर सलग चालला तरी दीड युनिटच्या वर जात नाही.

कणीक किती, मैदा किती?

संपूर्ण कणकेचा ब्रेड पहिल्याच खेपेला करायला गेले तर बहुधा विटेसारखा जड होतो. त्याला दोन कारणे आहेत. कोंड्याचे टोकदार कण ग्लुटेनचे धागे कापतात. शिवाय चक्कीच्या पाट्यांखाली रगडताना पिष्टाचे बरेच कण फुटतात. हे फुटलेले पिष्ट जास्त पाणी शोषते. पोळी मऊ होण्यासाठी तो गुण ठरतो, पण ब्रेड त्यामुळे दमट आणि चिकट होऊ शकतो. म्हणून सुरुवात कणीक-मैदा मिश्रणाने करावी आणि हात बसल्यावर दर खेपेला मैदा थोडा कमी करत जावा. कणीक वाढली की पाणीही थोडे वाढवावे लागते.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नसते. त्यांचे पीठ एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत घातले तर ब्रेड फुगतो आणि चवही खमंग येते. खपली गव्हात ग्लुटेन असते, पण ते दुबळे असते. नुसत्या खपलीचा ब्रेड बसकाच होतो. त्यातही कणीक मिसळावी.

‘गव्हाचा’ म्हणून ब्रेड मधुमेहाला आपोआप चालतो, हा मात्र गैरसमज आहे. रक्तातली साखर किती वेगाने वाढते हे दाखवणारा ग्लायसेमिक निर्देशांक पांढऱ्या ब्रेडचा साधारण ७५, तर बारीक दळलेल्या संपूर्ण गव्हाच्या ब्रेडचाही सुमारे ७४ असतो. कोंड्यामुळे तंतू आणि क्षार वाढतात, पण बारीक दळलेले पिष्ट पचते तितक्याच लवकर. भरड दलिया, जवस, तीळ घातल्याने आणि आंबटपणा वाढल्याने हा वेग कमी होऊ शकतो. तरीही मधुमेह असलेल्यांनी स्लाइस मोजूनच खावेत. दोन स्लाइस घेतले तर तेवढी पोळी-भाकरी वजा करावी. ज्यांना सीलिअ‍ॅक आजार आहे, त्यांच्यासाठी तर गव्हाचा कोणताच ब्रेड सुरक्षित नाही, मग तो कितीही तास आंबवलेला असो.

चिमूटभर मिठाचा हिशेब

ब्रेड गोडसर लागतो, म्हणून त्यातले मीठ कोणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. १०० ग्रॅम ब्रेडमध्ये ४८० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर मीठ झाले १.२ ग्रॅम.

वरच्या कृतीतला ब्रेड भाजल्यावर पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचे वीस स्लाइस केले तर प्रत्येकात मीठ येते ०.३५ ग्रॅम. रक्तदाबाच्या रुग्णासाठी ते ५ ग्रॅमवरही आणता येते. रात्रभर आंबल्याने पिठाला स्वतःची चव येते, त्यामुळे कमी मीठ जाणवत नाही. ते पूर्ण वगळू मात्र नये. मीठ ग्लुटेन घट्ट करते आणि यीस्टच्या वेगाला लगाम घालते. त्याच्याविना पीठ झपाट्याने फुगून खाली बसते.

ऋतू पाहून

पाश्चात्त्य पुस्तकांतल्या कृती इथे फसतात त्या बहुतेक वेळा तापमानामुळे. त्या थंड स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. विदर्भातल्या मे महिन्यात रात्री दहालाही स्वयंपाकघर ३५ अंशांवर असते. तिथे पाव चमचा यीस्टने पीठ मध्यरात्रीच फुगून उतरेल आणि सकाळी आंबूस वास येईल. अशा वेळी यीस्ट निम्मे करावे, पाणी गार घ्यावे आणि दीड-दोन तास बाहेर ठेवून पातेले फ्रिजमध्ये सरकवावे. नाशिकच्या डिसेंबरात उलट करावे, कोमट पाणी घ्यावे आणि सकाळी घाई करू नये. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात प्रश्न वेगळा असतो. घरच्या ब्रेडमध्ये बुरशीरोधक नसते, त्यामुळे दमट हवेत तो दोन-तीन दिवसच टिकतो. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नये. बुरशीचे धागे न दिसताही आतवर गेलेले असतात. कधीकधी बुरशी नसताना ब्रेडला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो आणि तोडल्यावर आत चिकट तार सुटते. पिठातल्या बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात आणि उबदार हवेत वाढतात, त्याचा हा परिणाम. असा ब्रेड टाकून द्यावा आणि साचा, सुरी, डबा उकळत्या पाण्याने धुवावा. पावसाळ्यात पीठ भिजवताना दोन चहाचे चमचे व्हिनेगर घातले तर आंबटपणामुळे या जिवाणूंना आळा बसतो.

ब्रेड टिकवायला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवण्याची सवयही सोडलेली बरी. पिष्ट पुन्हा कडक होण्याची क्रिया ० ते ५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने होते, म्हणून फ्रिजमधला ब्रेड लवकर वातड होतो. दोन दिवसांपुरता बाहेर डब्यात ठेवावा आणि उरलेल्याचे स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाकावेत. लागतील तेवढे काढून थेट तव्यावर गरम करता येतात. भाजताना रंग सोनेरी होताच थांबावे. पिष्टमय पदार्थ करपेपर्यंत भाजले की अ‍ॅक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे.

शेवटची गोष्ट चहाची. चहातले टॅनिन लोहाचे शोषण रोखते. रात्रभर आंबवून मोकळे केलेले लोह सकाळी चहात बुडवले तर मेहनत निम्मी वाया जाते. चहा आणि ब्रेड यांच्यात तासाभराचे अंतर ठेवावे; ब्रेडबरोबर टोमॅटो, लिंबू पिळलेली उसळ किंवा पेरूची फोड असेल तर त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते.

घरचा ब्रेड हे औषध नाही, आणि भाकरीला तो पर्यायही नाही. रक्तक्षय असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण जे घर आठवड्याला दोन पाकिटे ब्रेड आणते, ते रविवारी रात्री पाच मिनिटे काढून पीठ कालवू शकते. कारखान्याला न परवडणारी वेळ घराला फुकट मिळते, कारण ती झोपेची असते.